सुधारणा आवश्यक

आमच्या प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर तीन रकाने असतात. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. एकेका रकान्याची रुंदी माझ्या करंगळीएवढी. त्या करंगळीभर जागेत एक अख्खं पोर बसवायचं, हे माझं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं काम. पहिल्या सत्राच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावरही हेच करावं लागतं, पण तेव्हा हात एवढा अडत नाही. पोर दिवाळीनंतर परत समोर येऊन बसणार असतं, चुकलं तर सुधारता येतं. एप्रिलमध्ये लिहिलेलं मात्र चौथीच्या पोरासोबत निघून जातं ते जातंच. आमची कोल्हापुरातली शाळा चौथीपर्यंतच आहे.

शाळा म्हणजे चार खोल्या, एक ऑफिस, कौलारू व्हरांडा आणि स्वतःला मैदान म्हणवून घेणारं अंगण. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला सिस्टरांचं कॉन्व्हेंट, फाटकाबाहेर रिक्षा स्टॉप. पाटीवर एका संताचं नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो नुसता बघत राहतो. 'सिस्टरची शाळा' म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतो. यंदाचा पट ९३. त्यात कॅथलिक मुलं अकरा. बाकीची पोरं लक्ष्मीपुरीत हमाली करणाऱ्यांची, गुजरीत दागिन्यांना पॉलिश मारणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. मी स्वतः मंगळवार पेठेतली, तालमीच्या गल्लीत वाढलेली. १९९८ साली 'जूनपुरती' म्हणून इथं लागले, ती अजून आहे.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, आमच्या शिपाई मामांकडून शिकल्या. त्यामुळं कुणीही पाहुणा आला की त्यांच्या तोंडून 'या की ओ, बसा की' असंच निघतं. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, कोल्हापूर त्यात गेलं, आणि आमचे बिशप घाट चढून इकडं येऊ लागले. एकदा त्यांच्या स्वागताचं भाषण सिस्टरांनी अगदी शुद्ध मराठीत पाठ केलं होतं. पहिली दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्या वाक्याला वीज गेली, माईक बंद पडला, आणि सिस्टर मामांकडं वळून म्हणाल्या, "काय करालायसा ओ, बघा की जरा!" माईक बंद होता, पण आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचला. बिशपही हसले.

तर एप्रिल. एरवी आमच्या परीक्षा पाडवा झाला की सुरू व्हायच्या आणि महिन्याच्या मध्याला आटपायच्या. यंदा, २०२५ ला, राज्यभर एकच वेळापत्रक आलं आणि शेवटचा पेपर २५ तारखेवर गेला. निकाल १ मेला झेंडावंदन झाल्यावर, हे तर ठरलेलंच. मध्ये उरले पाच दिवस, त्यातला एक रविवार. वेळापत्रक करणाऱ्यांना पेपर तपासावे लागत नसावेत.

शिवाय कोल्हापूरचा एप्रिल म्हणजे काही साधा महिना नव्हे. चैत्र पौर्णिमेला इथं शाळा भरते, पोरं भरत नाहीत. यंदा पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारी आली. अर्धा वर्ग ज्योतिबाच्या डोंगरावर. रविवारची सुट्टी, सोमवारी आंबेडकर जयंती. मंगळवारी पोरं पेपरला आली तेव्हा कॉलर गुलाबी, कानामागं गुलाबी, नखांत गुलाबी. गुलाल दोन आंघोळींना दाद देत नाही, हे ज्याला माहीत नाही तो कोल्हापूरचा नव्हे. गणिताच्या उत्तरपत्रिका गोळा केल्या तर निम्म्या कागदांच्या कोपऱ्यावर गुलाबी अंगठे उमटलेले. एकाच्या भागाकाराच्या कंसात गुलाल असा सांडला होता की शून्य आहे की सहा, कळेना. मी सहा धरलं. उत्तर बरोबर आलं.

सिस्टरांनी मला फार वर्षांपूर्वी ईस्टरचं गणित समजावून सांगितलं होतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. मी बोटं मोजली आणि म्हटलं, "सिस्टर, ही तर आमची ज्योतिबाची पौर्णिमा!" बहुतेक वर्षी तीच निघते. २०२३ ला हनुमान जयंती गुरुवारी होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. एखाद्या वर्षी महिन्याचं अंतर पडतं. २०२४ ला ईस्टर ३१ मार्चलाच होऊन गेला आणि ज्योतिबाची यात्रा २३ एप्रिलला आली. पण एरवी आमच्या डोंगरावरच्या सासनकाठ्या आणि त्यांच्या चर्चमधल्या झावळ्या एकाच चंद्राच्या हिशेबानं उभ्या राहतात. तेव्हापासून हजेरीपटावर मी दोन्ही सण एकाच लाल पेनानं आखते.

यंदा तर गंमतच झाली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघतो. तो दिवस रविवार, १३ तारीख, आणि चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. तिसरीतली एक मुलगी सकाळी आईबरोबर झावळी हातात धरून चर्चभोवतीच्या मिरवणुकीत होती, आणि रात्री शेजारच्या काकांच्या खांद्यावर बसून गुजरीच्या तोंडाला रथ बघत होती. झावळीच्या पातीचा विणलेला छोटा क्रूस तिनं दप्तराच्या चेनला बांधला. मराठीच्या पेपरात 'माझा आवडता दिवस' यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिनं लिहिलं: 'सकाळी मी झावळी घेतलो. रात्री मी रथ बघितलो. रथावर लाइटी होत्या. मी झोपलो नाही. मला दोन्ही देव दिसले.'

आता याला मार्क किती द्यायचे? बाहेरच्या माणसाला वाटेल मुलगी मुलासारखी का बोलते. इथं बायका अशाच बोलतात. मी स्वतः घरी 'आलो, जेवलो, झोपलो' म्हणते आणि शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की 'आले, जेवले, झोपले' होते. प्रगतिपुस्तकासाठी दुकानात मिळणाऱ्या नोंदींच्या पुस्तिकेत याला तयार वाक्य आहे: 'बोलताना व लिहिताना प्रमाणभाषेचा वापर कमी करते.' हे वाक्य 'सुधारणा आवश्यक'मध्ये टाकायचं. तिच्या वर्गशिक्षिकेनं मला विचारलं, टाकू का? मी म्हटलं, टाक, पण आधी मला सांग, तू काल रात्री नवऱ्याला काय म्हणालीस, 'मी दमले' की 'मी दमलो'? तिनं ते वाक्य टाकलं नाही. अर्धा मार्क मात्र कापला. मीही कापलाच असता.

या नोंदींचा इतिहास थोडा सांगते, कारण पालकांना वाटतं ही आमची हौस आहे. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आला आणि 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' हा भारदस्त शब्द आमच्या दारात येऊन उभा राहिला. तोपर्यंत काम सोपं होतं: मार्क, टक्के, नंबर, आणि शेरा 'प्रगती चांगली'. आता तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे शिकता-शिकता करायच्या मूल्यमापनाचे ६० गुण, संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे ४०. पहिली-दुसरीला ७० आणि ३०. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि 'इतर' अशी आठ साधनं. मग श्रेणी, अ-१ पासून इ-२ पर्यंत. आणि या सगळ्याच्या वर मुलागणिक वर्णनात्मक नोंदी.

माझं मत विचाराल तर कल्पना चांगलीच होती. 'पोराचा नंबर कितवा' या प्रश्नापेक्षा 'पोर कसं आहे' हा प्रश्न केव्हाही मोठा. पण मोठा प्रश्न करंगळीएवढ्या रकान्यात आणि महिनाभराच्या कामाच्या ढिगाखाली विचारला की त्याचं काय व्हायचं तेच झालं. महाद्वार रोडवरच्या दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. विषयवार, इयत्तावार, शंभर शंभर वाक्यं. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'संख्यांची तुलना अचूक करतो.' 'स्वच्छ व टापटीप राहतो.' 'गटात मिळूनमिसळून काम करतो.' 'चित्रे आवडीने काढतो.' पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्यांनीच त्यातून उतरवलं. खोटं कशाला बोलू? काय लिहायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मुदत जवळ आली होती. २०१२ च्या एप्रिलमध्ये माझ्याकडं दुसरी होती, अठ्ठावीस पोरं. त्यातल्या एकोणीस जणांच्या 'आवड व छंद'मध्ये 'चित्रे आवडीने काढतो/काढते' आहे. वर्गात रंगपेट्या होत्या सात.

त्यानंतर मी ठरवलं की निदान एक रकाना तरी आपल्या मनानं लिहायचा. 'बेरीज-वजाबाकी येते, भागाकारही येतो, पण बाकी उरली की रडतो.' हे अगदी खरं होतं. त्या पोराला बाकी सहन व्हायची नाही. सतराला पाचानं भागलं की दोन उरतात, ते दोन कुठं जाणार, त्यांचं काय होणार, याचा त्याला घोर लागायचा. दुसऱ्या एकाला लिहिलं, 'वर्गात पाल आली तर इतरांना बाजूला करून तिला वाट देतो.' तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पुस्तकं चाळली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, वर्णनात्मक म्हणजे एवढं वर्णन नव्हे." मी मान हलवली. पालीची नोंद तशीच राहिली.

आणि एक माझी चूकही सांगून टाकते. २०१७ असेल. रात्री साडेअकरापर्यंत जेवणाच्या टेबलावर पुस्तकं लिहीत बसले होते. दोन पुस्तकं एकावर एक होती, नोंदींची अदलाबदल झाली. जो पोरगा अख्ख्या वर्गाला रांगेत उभं करायचा, माझ्याआधी माझा खडू उचलायचा, त्याच्या पुस्तकात गेलं 'शांत व संयमी'. आणि जो वर्षभरात स्वतःहून पाच वाक्यंसुद्धा बोलला नव्हता, त्याच्या पुस्तकात 'उत्तम नेतृत्वगुण आहेत.'

पहिल्याची आई निकालाच्या दिवशीच आली. पुस्तक उघडून व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. "टीचर, हे आमच्या बाबूचं हाय व्हय?" दुसऱ्याची आई जूनमध्ये आली. म्हणाली, "टीचर, नेतृत्वगुण म्हंजे काय ओ? सुट्टीभर गल्लीतल्या पोरांना रांगेत उभा करालंय. विचारलं तर म्हणतंय, माझ्या पुस्तकात लिवलंय." आता काय सांगायचं? मी सिस्टरांना ऑफिसात जाऊन खरं ते सांगितलं. सिस्टरांनी दोन्ही पुस्तकं मागून घेतली, वाचली, आणि परत माझ्या हातात दिली. "राहू दे की ओ," म्हणाल्या, "सही झालीया." शिक्का मारलेल्या कागदावर आमच्या सिस्टरांचा फार विश्वास.

चौथीत गेल्यावर तो पोरगा खरोखर मॉनिटर झाला का, असं लोक विचारतात. झाला नाही. एक आठवडा पोरांना रांगेत उभं केलं, कुणी ऐकेना, मग कंटाळला आणि परत गप्प झाला.

परीक्षा आणि निकाल यांच्यामधल्या पाच दिवसांत आणखी दोन कामं असतात. पहिलं पेटीचं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या दिवशी, यंदा ५ मार्चला, सिस्टर प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवतात. ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, रविवार सोडून, आपल्या खाऊचं काहीतरी सोडायचं आणि तो रुपाया त्यात टाकायचा. सक्ती नाही, नाव लिहायचं नाही. पहिल्याच दिवशी पहिलीतल्या एकीनं विचारलं, "सिस्टर, या उपासाला साबुदाणा चालतो?" सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या, "चालतो की. पण भडंग सोडायचं." तिला ते जमण्यासारखं नव्हतं. तिनं गोळ्या सोडल्या.

पेट्या फोडायच्या त्या ईस्टर झाल्यावर. व्हरांड्यात चादर पसरतो आणि चौथीची पोरं मोजायला बसतात. एक-एकाचे ढीग, दोन-दोनाचे ढीग, पाचाची नाणी वेगळी. मी म्हणते, वर्षभर शिकवलेल्या गणिताची ही खरी परीक्षा, आणि या परीक्षेत 'ड' श्रेणीचं पोर सगळ्यात पुढं असतं, कारण ते संध्याकाळी वडिलांच्या भाजीच्या गाड्यावर बसतं. दहा-दहाचे मनोरे त्यानं डोळे मिटून केले. यंदा चार हजारांच्या वर निघाले. त्यात एक शर्टाचं बटण, लॉटरीचं जुनं तिकीट, आणि घडी घातलेली चिठ्ठी: 'माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून मी भांडण सोडलो.' अक्षर कुणाचं ते सिस्टरांनी आणि मी, दोघींनी ओळखलं. एकमेकींना सांगितलं नाही. पैशांचं धान्य घेऊन सिस्टर नेहमीच्या चार म्हाताऱ्या बायकांकडं मामांना पाठवतात. त्यातली एकही चर्चला येत नाही.

दुसरं काम हरवल्या-सापडल्याचं. वर्षभर ऑफिसच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात जे साठतं ते ३० एप्रिलला बाहेर काढून बाकांवर मांडायचं. यंदा सात पाण्याच्या बाटल्या, अकरा डब्यांची झाकणं, डबा एकही नाही. एकेक मोजा, जोडी कशाचीच नाही. स्वेटर तीन, कोल्हापूरच्या थंडीत आठवडाभर घातलेले. एक दात, कागदात गुंडाळलेला. पोरांना रांगेनं आणून विचारायचं, ओळखा. मला अजून न कळलेली गोष्ट अशी की पोरं आपल्या वस्तू ओळखत नाहीत. आई ओळखते. पोर त्याच बाटलीकडं बघून ठामपणे 'माझी न्हवं' म्हणतं, जिच्यावर त्याचंच नाव लिहिलेलं असतं. दात मात्र लगेच ओळखला गेला. दुसरीतला मालक पुढं आला, दात आपल्या खिडकीत लावून बघितला. बसत नव्हता, नवा अर्धा आला होता. त्यानं तो खिशात टाकला.

आमच्या डोक्यात या दिवसांत दुसरंच गणित चालू असतं. चौथीतले सव्वीस जण दाखला घेऊन जाणार. जूनला पहिलीत किती येणार? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. आम्ही ९३ वर उभे आहोत. तीन पोरं कमी झाली की एक टीचर जास्तीची ठरणार, आणि ती कोण, हे चौघींनाही ठाऊक आहे. म्हणून एप्रिलच्या उन्हात पेपर तपासून झाले की आम्ही गल्लोगल्ली फिरतो. घरात लहान पोर दिसलं की वय विचारतो. बायका पाणी देतात, सरबत देतात, आणि म्हणतात, "टीचर, मी तुमच्याकडंच शिकलो, पण आता इंग्लिश मीडियमलाच घालणार बघा." त्यांचं चुकतं असं मला तोंडावर म्हणता येत नाही. माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेतून शिकला.

मामांचं याबाबत ठाम मत आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड बसवला. मामा म्हणतात, "तसा दंड ठेवा, आमच्या शाळेत न्हाई घातलं तर." मामा, तो शाळेत न घालण्याचा होता, सिस्टरच्या शाळेत न घालण्याचा नव्हता. "तेच की," मामा म्हणतात.

१ मेला सात वाजता झेंडावंदन, राज्यगीत, मग सिस्टरांची प्रार्थना. ती प्रार्थना मी सत्तावीस वर्षं ऐकतेय. त्यात येशूचं नाव एकदा येतं, आणि मग सगळ्यांची नावं येतात. चौथीच्या प्रत्येक पोराचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हजेरीच्या क्रमानं. सिस्टर कागद बघत नाहीत. कानडी वळणाच्या जिभेवर आमची कोल्हापुरी आडनावं थोडी वाकडी होतात, पोरं हसतात, पण आपलं नाव आलं की ताठ होतात. यंदा विसाव्या नावाला सिस्टर थांबल्या. आठवेना. त्या आता सत्तरीला आल्यात. अंगणात शांतता. मी पुढं होऊन सांगणार, तेवढ्यात एकविसावा म्हणाला, "सिस्टर, तो माझ्या पुढं हाय." आणि पुढच्याला दोन्ही हातांनी पुढं ढकललं. सिस्टर त्याच्याकडं बघत राहिल्या आणि नाव आलं.

मग वर्गात निकाल. पालकांची सही घ्यायची, पुस्तक हातात द्यायचं, चौथीला दाखला. दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात सव्वीस वेळा 'चांगली'. तिथं कुणी वर्णन मागत नाही, आणि मला ते बरं वाटतं. एका आजीनं अंगठा दिला. स्टँपपॅड वाळलं होतं, ठसा उमटेना. आजी म्हणाली, "थांब," आणि कमरेच्या पिशवीतून ज्योतिबाच्या गुलालाची पुडी काढली. ओल्या अंगठ्यानं तो ठसा असा स्वच्छ उठला की रेषा न् रेषा मोजावी.

दुपारपर्यंत शाळा रिकामी होते. भडंगाचे कागद झाडून होतात. उरतात ती न नेलेली पुस्तकं. दरवर्षी दोन-तीन उरतातच. बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या लोकांची पोरं. पाऊस तोंडावर आला की भट्ट्या बंद होतात, माणसं गावाकडं पेरणीला निघतात. ती १ मेसाठी थांबत नाहीत. ती पुस्तकं मी कापडात बांधून ऑफिसातल्या हिरव्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवते. आता तिथं बरीच झालीत. दिवाळीच्या साफसफाईला मी दरवेळी विचारते, टाकायची का? सिस्टर दरवेळी म्हणतात, "राहू देत की. खायला मागत्यात व्हय?"

गेल्या जुलैमध्ये, पाऊस कोसळत असताना, एक पोरगा ऑफिसच्या दारात उभा राहिला. विशीचा असेल. रेनकोटमधून पाणी गळत होतं. वाहन चालवायचं लायसन्स काढायचं होतं, जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला हवा होता. दुसरीपर्यंत इथं होतो म्हणाला. जनरल रजिस्टर काढलं. २०११-१२, विजापूरकडचं आडनाव, शेवटची हजेरी १९ एप्रिल. दाखला लिहायला घेतला, आणि मग आठवलं म्हणून कपाट उघडलं. गाठोड्यात तळाला होतं. कोपरा वाळवीनं खाल्लेला, आतलं अक्षर शाबूत.

त्यानं ते उभ्याउभ्याच उघडलं. श्रेणीकडं बघितलं नाही. मागचं पान उलटलं आणि बोट ठेवून हळूहळू वाचायला लागला. 'विशेष प्रगती'वरून बोट पुढं सरकलं आणि मधल्या रकान्यावर थांबलं.

"टीचर," तो म्हणाला, "मी चित्रं काढायचो?"

मी दाखल्यावर शिक्का मारत होते. रंगपेट्या सात होत्या. त्यातली एक त्याच्याकडं होती का, कुठल्या बाकावर बसायचा, काही म्हणजे काही आठवेना.

"हो," मी म्हटलं.

त्यानं पुस्तक पुन्हा एकदा वाचलं, दुमडून रेनकोटच्या आत, शर्टाच्या खिशात घातलं. मग विचारलं, दाखल्याचं किती द्यायचं.